खिसा रिकामा झाल्याशिवाय

१८ मे

ताई,

सीमेपाशी पोचलो. आम्ही तिघं आणि व्हॅन असे चौघं आहोत, आणि चौघांत व्हॅनच सगळ्यांत ताजीतवानी दिसते.

अप्पांना वाचून दाखवशील तेव्हा इंजिनाचं आधी वाच, नाहीतर बाकीचं ते ऐकणारच नाहीत. तर इंजिन: सातशे किलोमीटर झाले, एकदाही हात लावावा लागला नाही. सकाळी पहिल्या चावीला सुरू, चढावर कुरकुर नाही. वाटेत पंपावर एका ट्रकवाल्याने आवाज ऐकून बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं, कुणाच्या हातचं काम आहे? मी म्हटलं, आमच्या म्हाताऱ्याच्या. म्हणाला, हात जपा त्यांचे.

आपला जाड्या डबल मागच्या सीटवर आडवा झाला की मास्तरला टेकायलाही जागा उरत नाही. वाटेतल्या प्रत्येक बेकरीतला पाव चाखून डबल नाक मुरडतो. स्वतःची बेकरी बंद ठेवून आलाय, त्याचं दुःख असं बाहेर पडतं. मास्तर सुट्टीतही चित्रकलेचा मास्तरच. डबल घोरत असताना त्याचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, डोंगर.

इथे पासपोर्टावरच्या शिक्क्यासाठी आठवडा मोडेल. तुझं पत्र फुटबॉल स्पर्धेच्या शहरातल्या मोठ्या पोस्टात टाक, वर 'येऊन नेतील' असं लिही.

अप्पांनी सांगितलेलं लक्षात आहे. शिट्टी वाजायच्या आधी ऐंशी हजार माणसं गप्प होतात, तेव्हा कसं वाटतं ते ऐकून घ्यायचं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी ही व्हॅन त्याचसाठी घेतली आणि आईच्या दुखण्यात सगळं राहून गेलं. यंदा ते माझ्या कानांनी ऐकतील.

तुझा धाकटा

*

१४ मे
(त्याच पाकिटात, मास्तरसाठी)

मास्तर,

सोबतचं पत्र ताईसाठी. तारीख चार दिवस पुढची टाकली आहे, कारण ते तुझ्या हाती पडेल तेव्हा तुम्ही शिक्क्यासाठी तिथे ताटकळत असाल. तिथलं तिकीट लाव आणि पेटीत टाक. वाचलंस तरी चालेल, खोटं कसं लिहावं याचा नमुना आहे.

तुम्हाला बसमध्ये बसवून परत आलो आणि व्हॅनखाली शिरलो. ऑइलच्या चेंबरचा बोल्ट अर्ध्या आट्यावर लोंबत होता, आणि त्यामागे असतं ते तांब्याचं वॉशर नव्हतंच. तेवढ्या नखाएवढ्या वस्तूवाचून बोल्ट ढिला होत गेला, ऑइल रस्त्याला लागलं आणि इंजिन कोरडं फिरून जाम झालं.

अप्पांची रीत तुला ठाऊक आहे. खोललेली बारीक वस्तू ते शर्टाच्या खिशात टाकतात, आणि खिसा रिकामा झाल्याशिवाय गाडी कुणाच्या ताब्यात देत नाहीत. चाळीस वर्षांत त्यांच्या हातची एकही गाडी ओढून परत आलेली नाही. डोळे अधू झाले, हात थरथरतो, तरी तीन महिने राबून हे इंजिन त्यांनी एकट्याने बांधलं. मी त्यांच्याच गॅरेजातला मिस्त्री, पण मला फक्त पाने पुसून द्यायची परवानगी.

आता माझं ऐक. ऑइलचा लाल दिवा लागला होता. तुम्ही दोघं झोपला होतात. मी म्हटलं, अप्पांच्या इंजिनातलं ऑइल जाईल कसं, वायरच कुठेतरी सैल असेल. डोळ्यांना टोचत होता म्हणून त्यावर रुमाल टाकला आणि तशीच वीस किलोमीटर हाकली.

ही व्हॅन दोराला बांधून घरी नेली तर अप्पा पहिला प्रश्न विचारतील, का थांबली? आणि त्याचं उत्तर मला त्यांच्या तोंडावर द्यावं लागेल. ते मला जमणार नाही. त्यापेक्षा इथेच राहतो. इथल्या लेथवाल्या काकांनी शेडमध्ये जागा दिली आहे. दिवसा त्यांचं काम, संध्याकाळी माझं. स्पर्धा संपेपर्यंत इंजिन उभं करतो. तुम्ही परत आलात की इथून तिघं मिळून घरी जाऊ, स्पर्धा बघून आल्यासारखे. घर इथून बसने पाच तासांवर आहे, हे कुणाला कळायचं कारण नाही.

ताईला खरं सांगितलं असतं, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि अप्पांना पत्रं तीच वाचून दाखवते. तिची पत्रं तिकडे येतील, ती इकडे धाडत जा. आणि तिथलं सगळं बारकाईने लिही. मला ते माझं म्हणून लिहायचं आहे.

चोक

*

२७ मे

धाकट्या,

पत्र पोचलं. हे हाताने लिहितेय, कारण ऑफिसातल्या यंत्रावर टाइप केलं की माझं पत्र नोटिशीसारखं वाटतं, असं तूच म्हणतोस. शिवाय सध्या ऑफिसात जात नाही. रजा साठली होती, म्हटलं वाया कशाला घालवा.

अप्पा मजेत आहेत. इंजिनाचं आधी वाचलं. म्हणाले, परत वाच. परत वाचलं. ट्रकवाल्याचं ऐकून म्हणाले, पोरगं लिहितं छान. म्हणजे तू त्यांच्या इंजिनाची तारीफ करायची आणि त्यांनी तुझ्या लिहिण्याची. बरं जमतं तुमचं दोघांचं.

त्यांची खाट पुढच्या खोलीत आणली आहे. आत कोंडल्यासारखं होतं म्हणतात, आणि तिथून समोर गॅरेज दिसतं. नवा हट्ट असा की शटर दिवसभर अर्धं उघडं ठेवायचं. काम नाही, माणूस नाही, तरी ठेवायचं. ते गंजकं धूड तुम्ही दोघं मिळून उचलायचात. माझ्याच्याने अर्ध्याच्या वर हलत नाही, पण त्यांना अर्धंच पुरे आहे. संध्याकाळ झाली की विचारतात, कुणी गाडी ओढून आणली का गं आज? मी म्हणते, नाही अप्पा. म्हणतात, येईल. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकांची सवय, एवढ्यात कुठची सुटायला.

दुसरा हट्ट शर्टाचा. तुम्ही निघालात त्या सकाळी फोटोसाठी मी त्यांना कामाचा शर्ट काढायला लावून पांढरा घातला होता ना, त्याचं उट्टं काढतायत बहुतेक. आता तो तेलकट शर्टच रात्रंदिवस अंगावर. धुवायला मागितला तर खिसा मुठीत धरून बसतात. मी नाद सोडला.

डॉक्टर अधूनमधून येतात, गप्पा मारायला. चहा घेतात आणि जातात.

तू परत कधी येणार ते नक्की कळव. घाई नाही, आपला अंदाज असावा म्हणून.

ताई

*

३ जून

चोक,

ताईंचं पत्र सोबत आहे. मी फोडलेलं नाही. तुझं पत्र टाकलं तेव्हा मात्र माझे हात चोरी केल्यासारखे झाले होते.

डबलला इथला पाव आवडला, यावरून हा देश किती निराळा आहे ते ओळख. काल पहिला सामना पाहिला. अप्पांना सांगायचंय ना, तर खरं सांगतो. गप्प कुणीच होत नाही. भोंगे, टाळ्या, आरोळ्या, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. फक्त पंच शिट्टी ओठाला लावतो तेव्हा सगळे एकदम श्वास घेतात. ऐंशी हजारांचा एक श्वास. तो ऐकू येतो. मग शिट्टी, आणि पुन्हा गलका. मला त्या वेळी तुझी फार आठवण आली. तुझी जागा आमच्या दोघांच्या मध्ये रिकामीच होती आणि डबलने त्यावर त्याची टोपी ठेवली होती.

तुझं नाव चोक पडलं ते काही उगाच नाही, ओढल्याशिवाय तू सुरूच होत नाहीस. म्हणून ओढतो. घरी जा. व्हॅन राहू दे तिथे. एकटाच जा, अप्पांच्या शेजारी बस आणि सांग, वॉशर राहिलं होतं. माणूस वॉशरपेक्षा मोठा असतो. ते रागावतील आणि दोन दिवसांत विसरतील. तू मात्र हे आयुष्यभर सांभाळत बसशील.

मास्तर

*

९ जून

मास्तर,

तुझं म्हणणं पटतं आणि पचत नाही. अप्पा रागावतील याची मला भीती नाही. ते रागावणार नाहीत, नुसतं स्वतःच्या हातांकडे बघतील. ते मला बघवणार नाही.

घरी सगळं ठीक दिसतंय. ताई रजेवर आहे, डॉक्टर चहाला येतात, अप्पांनी खाट पुढे आणून गॅरेजवर नजर ठेवली आहे. म्हातारा कंटाळलाय, बाकी काही नाही. क्रँक घासून झाला. पिस्टन पुढच्या आठवड्यात येतील. फार तर तीन आठवडे.

सोबतचं पत्र तिकडून टाक. श्वासाचं तू लिहिलंस ते जसंच्या तसं घेतलंय. माझ्याने त्याहून चांगलं झालं नसतं.

चोक

*

१४ जून
(सोबतचं पत्र)

ताई,

अप्पांना सांग, मैदान पाहिलं आणि ऐकलंही. गप्प कुणीच होत नाही. पण पंच शिट्टी ओठाला लावतो तेव्हा ऐंशी हजार माणसं एकदम श्वास घेतात, आणि तो एक श्वास ऐकू येतो. मी डोळे मिटले होते. अप्पा शेजारीच आहेत असं वाटलं, हे खरं सांगतो.

व्हॅन बाहेर झाडाखाली उभी आहे. इंजिन घड्याळासारखं चाललंय.

स्पर्धा संपली की निघतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दारात.

तुझा धाकटा

*

१२ जून

धाकट्या,

हे अप्पांना न सांगता लिहितेय. आता काही लपवत नाही. अप्पांचं हृदय थकलंय. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते गॅरेजात कोसळले. शेजारच्यांनी उचलून आणलं. तिथे कशाला गेला होतात विचारलं तर म्हणाले, शर्ट आणायला. डॉक्टर गप्पा मारायला येत नाहीत रे, इंजेक्शन द्यायला येतात. पायांवर सूज आहे. आडवं पडलं की धाप लागते, म्हणून तीन उशा लावून बसल्याबसल्या झोपतात. डॉक्टर आधी महिन्यांत बोलत होते. परवापासून दिवसांत बोलतात.

त्यांनी मला शपथ घातली होती, पोराला कळवायचं नाही. म्हणून खाट, रजा, चहा असं काहीबाही लिहीत राहिले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून हसता ना तुम्ही सगळे, बघ, महिनाभर भिजवला. तार करायला निघाले होते. त्यांना सुगावा लागला. म्हणाले, तार बघून पोरगं गाडी वेडीवाकडी हाणेल, तसलं काही करू नकोस. म्हणून हे पत्र.

तू ये. व्हॅन मास्तरपाशी सोड आणि मिळेल त्याने ये. स्पर्धा चार वर्षांनी पुन्हा असते. मला हवं तर शिव्या दे, पण ये. दिवसातून दहादा ते दाराकडे बघतात. विचारलं तर म्हणतात, शटर बघतोय.

ताई

*

(तार, २५ जून)

दहा दिवस बाहेरगावी होतो. ताईंचं पत्र आज मिळालं. अप्पा गंभीर. असशील तसा घरी जा. मास्तर.

*

११ जुलै

ताई,

पाकिटावरचा शिक्का बघ. गावाचं नाव वाचता येईल. आपल्या घरापासून बसने पाच तास.

मी स्पर्धेला गेलोच नाही. पहिल्याच संध्याकाळी इंजिन जाम झालं. चेंबरच्या बोल्टाचं वॉशर बसवायचं राहिलं होतं, आणि ऑइलचा दिवा लागलेला दिसूनही मी त्यावर रुमाल टाकून गाडी हाकली. अप्पांच्या हातून चूक झाली हे त्यांना कळू नये म्हणून मी या शेडमध्ये राहिलो आणि तुम्हाला खोटी पत्रं लिहिली. मास्तर ती तिकडून टाकायचा. तुझी पत्रं तिकडे जाऊन मग माझ्याकडे यायची. तुझं 'ये' तसंच सीमेपलीकडे गेलं आणि तिथल्या पोस्टात मास्तरची वाट बघत पडून राहिलं. त्या सगळ्या दिवसांत मी पाच तासांवर पिस्टनच्या रिंगा बसवत होतो.

तार सव्वीसला मिळाली, त्याच संध्याकाळी घरी पोचलो, पण अप्पांना जाऊन पाच दिवस झाले होते. तू सगळ्यांना सांगत होतीस, किती लांबून आला बिचारा, डोळ्याला डोळा नाही. शेजारच्या काकू पाठीवरून हात फिरवत होत्या. तू ताट वाढलंस आणि म्हणालीस, "लांबचा पल्ला होता रे, तुझा काय दोष?" तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडात घास होता, तो गिळला आणि सगळंच गिळलं. बारा दिवस तुझ्यासमोर बसलो आणि प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. व्हॅन आणायला सीमेवर जातो म्हणून निघालो आणि पाच तासांत इथे उतरलो.

तू सांगितलंस ना, अप्पा आदल्या रात्री काहीतरी असंबद्ध बोलत होते, "त्याला सांग, खिसा रिकामा नव्हता." तुला वाटलं, पैशाचं काहीतरी. मला तिथल्या तिथे कळलं होतं, ताई. तरी तुला सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं. कधीपासून ते मला माहीत नाही, आणि विचारायला आता कुणी नाही.

मी अप्पांना जपत होतो असं मला वाटत होतं. खरं तर मला त्यांच्यासमोर उभं राहायची, ते स्वतःच्या हातांकडे बघतील ते बघायची हिंमत नव्हती. त्यांना मी हवा होतो आणि मी त्यांचं नाव सांभाळत बसलो. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

इंजिन परवा सुरू झालं. आवाज चांगला आहे. मी ते बंद केलं आणि त्यानंतर चावी लावलेली नाही.

धाकटा

*

१५ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग जोडून परत वाचलं. मला तुझा राग आला आहे आणि तो एवढ्यात जाणार नाही, हे आधी सांगून टाकते. पाच तास. मी रात्र रात्र त्यांना टेकू देऊन बसत होते आणि नकाशावर तुझं शहर शोधत होते.

पण राग करायला बसले तर मलाही सोडता येत नाही. मी शपथ मोडून दुसऱ्याच दिवशी कळवलं असतं तर? तू ओळ ओळ खोटं लिहिलंस आणि मीही तेच केलं. घरातला तिसरा तर आपल्या दोघांचा बाप.

ऐक आता. काल त्यांचा तो तेलकट शर्ट हातात घेतला. इतके दिवस धीर झाला नव्हता. खिशात तांब्याचं वॉशर होतं. सारखं बोटांत फिरवून अगदी गुळगुळीत झालेलं.

मग एकेक लागत गेलं. फोटोसाठी शर्ट मीच बदलायला लावला होता. त्या दिवसापासून तो गॅरेजातल्या खिळ्याला लटकत होता. तिसऱ्या दिवशी ते तो आणायला गेले, खिशात हात घातला आणि तिथेच कोसळले. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, धाकट्या. ते वॉशर नसताना गाडी किती लांब जाईल, हे त्यांच्याहून जास्त कुणाला कळणार? तू सातशे किलोमीटर लिहिलंस आणि ते म्हणाले, पोरगं लिहितं छान. तू जवळच कुठेतरी अडकलायस आणि त्यांच्यासाठी खोटं लिहितोयस, हे ओळखूनच म्हणाले. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझं खोटं उघडं पडलं असतं.

आणि शटर. मी वेडी, गिऱ्हाइकांची सवय म्हणत होते. चाळीस वर्षांत ज्याच्या हातची एकही गाडी ओढून परत आली नाही, तो माणूस पाच आठवडे रोज तिचीच वाट बघत होता. रोज संध्याकाळी विचारायचे आणि मी नाही म्हटलं की म्हणायचे, येईल. तू आला असतास तर हातांकडे वगैरे काही बघितलं नसतं त्यांनी. दोर सोड आणि आत ढकल, एवढंच म्हणाले असते.

तुझं शेवटचं पत्र वेळेवर पोचलं होतं, हे तुला सांगायचं राहिलं. विसाव्या तारखेला दुपारी आलं. श्वासाचं मला दोनदा वाचायला लावलं. इंजिन घड्याळासारखं चाललंय हे वाचलं तेव्हा हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. खिशावर हात तसाच होता. रात्री ते खिशाचं म्हणाले आणि पहाटे गेले. मी उशाशी होते. त्रास झाला नाही.

वॉशर या पाकिटात घातलं आहे. खिसा आता रिकामा आहे. जे बसवलंयस ते काढ, हे बसव आणि गाडी घेऊन ये.

शटर अर्धं उघडं ठेवलंय. उरलेलं अर्धं मला एकटीला उचलत नाही.

ताई